दाजींचा डावा खिसा

तर गाढवाचं काल राहूनच गेलं. भोंगा झाला आणि माणसं आडोशाला पळाली, इथवर आलो होतो. मुकादम सगळ्यांत शेवटी पोचला आणि बघतो तर काय, मोठ्या खडकाआडची सगळ्यांत चांगली जागा धोब्याच्या गाढवानं आधीच धरलेली. कुणी आणलं नव्हतं, कुणी बांधलं नव्हतं. दुसरा भोंगा झाला की खाणीच्या कडेचं चरणं सोडून ते आपल्या पायांनी यायचं, माणसांत उभं राहायचं आणि शेवटचा लांब भोंगा होईपर्यंत जागचं हलायचं नाही. मुकादम म्हणाला, ह्याचं नाव आता हजेरीपटावर घाला. सुरुंगवाले दाजी म्हणाले, घालतो की, पण तुमच्या वर घालावं लागेल, ते तुमच्या आधी पोचतं.

हे दाजी म्हणजे दगडाच्या खाणीत सुरुंग उडवणारा माणूस. शिक्षण चौथी. बायको त्याच गावची लेक, म्हणून हे सगळ्या गावाचे दाजी. ज्यांचे दात पडलेत त्यांचेही दाजी आणि ज्यांना अजून आले नाहीत त्यांचेही. आता गावचा जावई म्हटल्यावर त्याला सुखानं रस्त्यानं जाऊ देईल ते गाव कसलं. दाजी दिसले की लोक कानांवर हात ठेवायचे. दाजींना शिंक आली की न्हावी विचारायचा, भोंगा का नाही दिला?

पण भोंग्यावर गाव चालायचं, हेही खरं. हातानं फिरवायचा भोंगा होता तो. पहिला झाला की हातातलं काम टाकायचं, दुसऱ्याला आडोशाला जायचं, तिसरा झाला की दाजी वाती पेटवायचे. सगळं उडून झाल्यावर एक लांबलचक भोंगा, म्हणजे या बाहेर. म्हातारे त्यावर औषधाच्या गोळ्या घ्यायचे. मास्तरांचं घड्याळ मागे पडायचं, दाजी नाही.

आणि दाजींचा हिशेब खड्यांचा. खडकातली आठ भोकं दारूनं भरली की आठ खडे डाव्या खिशात. वाती पेटवून आडोशाला आले की कान देऊन बसायचे. एक धडाका झाला की एक खडा उजव्या खिशात. डावा खिसा रिकामा झाल्याशिवाय लांब भोंगा नाही, मग देव येऊन उभा राहिला तरी. एकदा खाणीचे मालक पाहुण्यांना घेऊन आले होते. नऊ भोकं भरलेली, धडाके झाले आठ. दाजींनी मालकांना, पाहुण्यांना आणि गाढवाला दोन तास उन्हात बसवून ठेवलं. मालक म्हणाले, अरे दोन एकदम उडाले असतील. दाजी म्हणाले, खडा अजून डावीकडे आहे. दोन तासांनी एकटेच उतरले आणि सातव्या भोकात मध्येच विझलेली वात घेऊन वर आले. मालकांनी ती बोटांत धरून पाहिली आणि पाहुण्यांना घेऊन आल्या वाटेनं परतले. तीस वर्षांत दाजींचा खडा चुकला नाही.

त्यांच्या बायकोला गाव ताई म्हणायचं. पुढच्या खोलीत, खिडकीशी, पायानं चालवायचं शिलाई मशीन. शाळेचे गणवेश शिवायची. बायका कापड घेऊन यायच्या आणि कापड बाजूलाच राहून गप्पा व्हायच्या. खाणीत बार उडाला की फळीवरची भांडी किणकिणायची, नवीन आलेली बाई दचकून उठायची, आणि ताई सुईवरची नजर न काढता म्हणायची, "बसा गं. आमचेच आहेत." दाजींनी हे ऐकलेलं होतं. तोंडावर कधी दाखवलं नाही, पण ऐकल्यापासून भोंगा जरा जास्त जोरात फिरवायला लागले, असं मुकादम सांगतो.

हे सगळं असं छान चाललेलं असताना एका मंगळवारी दुपारी जमिनीनं खालून धक्का दिला. भोंगा नाही, काही नाही. ताई मशीन सोडून उठली, बायकांना घेऊन अंगणात आली. गाव खाणीवर चालून आलं. दाजी झाडाखाली डबा खात होते. म्हणाले, आज एकही भोक भरलेलं नाही, मुकादमाला विचारा. लोकांनी मुकादमाकडे पाहिलं, तो म्हणाला खरं आहे. लोक परतले, पण मागे वळून वळून बघत परतले.

पुढच्या पंधरा दिवसांत असं अकरा वेळा झालं. कुणाच्या भिंतीला केसाएवढी भेग गेली, कुणाचं दार लागेना. भोंग्याशिवाय हादरलं की ताई दर वेळी सगळ्यांना घेऊन अंगणात यायची, कारण भोंगा नाही म्हणजे आपले हे नाहीत, इतकं तिचं सरळ होतं. गावाचा संशय मात्र दाजींवरून हटेना. अहो, जमीन कशी हलेल? आजोबा-पणजोबांच्या तोंडून पूर ऐकला होता, दुष्काळ ऐकला होता. जमीन हलल्याचं कुणी ऐकलं नव्हतं.

शेवटी गावप्रमुखानं अर्ज केला आणि भूगर्भ कार्यालयाचे साहेब जीपमधून आले. वयानं दाजींच्या पुतण्यासारखे, बोलायला अतिशय गोड. दाजींच्याच घरी बसले, ताईच्या स्टुलावर. तिनं चहा दिला. साहेबांनी मशीनवरचं कापड नीट घडी करून बाजूला ठेवलं आणि नकाशा पसरला. लांबचे डोंगर लाल, त्यांच्या अलीकडे पिवळं, आणि आपला सगळा भाग पांढरा. पांढरा म्हणजे काय, तर काहीच नाही. हा खडक कोट्यवधी वर्षं इथं झोपलेला आहे, साहेब म्हणाले, त्याला कूस बदलायचं माहीत नाही. मग हलतंय ते कशानं? खाणीनं. एखादं भोक न उडता राहतं, वरून दगड घसरला की मागाहून आपोआप उडतं, कळतही नाही.

दाजींनी डाव्या खिशात हात घातला आणि अस्तर बाहेर काढून दाखवलं. खड्यांचं सगळं सांगितलं. साहेबांनी मन लावून ऐकलं, मध्ये हसले नाहीत. मग विचारलं, "काका, एवढी मोठी जमीन चुकेल, की तुमची मोजणी?"

समोर छापलेला नकाशा, शिकलेला माणूस, दारात सगळं गाव. दाजींना त्या खडकाची शीर न् शीर माहीत होती. कुठे घाव घातला तर तो फुटेल आणि कुठे नुसताच ठणठणेल, हे ते तळहातानं सांगायचे. तीस वर्षं ज्याच्या अंगावर चढलो-उतरलो तो हलेल, हे त्यांनाही कुठे पटत होतं? त्यापेक्षा आपण चुकलो असू, हे पटायला सोपं. साहेबांनी कागद पुढे केला. मागाहून उडालेल्या बारांमुळे धक्के बसले, असं त्यावर लिहिलेलं. दाजींनी सही केली.

गावाला काय हायसं वाटलं म्हणता. त्या दिवसापासून थट्टा परत सुरू झाली. हादरलं की न्हावी म्हणायचा, दाजी, उधारीचा बार दिसतोय हा. जमीन हलण्यापेक्षा दाजी चुकलेले सगळ्यांनाच बरे होते.

ताईला मात्र ते पचेना. दाजींचे सदरे धुणारी ती. साहेबांची जीप गेल्यावर अंगणात कपडे वाळत घालता घालता तिनं विचारलं, "डाव्या खिशात मला कधी खडा सापडला नाही. खरं सांगा, तुम्हीच होतात?"

दाजी नुकतेच सगळ्या गावासमोर उणे पडले होते. परत तोच विषय नको होता. "मीच होतो," ते म्हणाले. "मोजण्यात चुकलं असेल. तू आता उठबस करत जाऊ नकोस, निवांत शिवत बस."

तिनं हातातला सदरा झटकला, दोरीवर टाकला आणि बरं म्हणाली. दाजी म्हणाले म्हणजे झालं. पुढच्या वेळी भोंग्याशिवाय भांडी किणकिणली तेव्हा ती उठली नाही.

त्यानंतर नऊ दिवसांनी, गुरुवारी, सकाळी अकराच्या सुमारास. दाजी खाणीच्या तळाशी भोकांच्या खुणा करत होते. एकही भोक अजून भरलेलं नव्हतं. आधी गाढव ओरडलं. मग आवाज आला तो कानांनी ऐकण्यासारखा नव्हताच, पायांतून वर चढला, आणि ज्या दगडावर दाजी उभे होते त्यानं त्यांना उचलून फेकलं. उठायला जावं तर पुन्हा पाडलं. वरून दगडांच्या राशी घरंगळत आल्या. माणसं सवयीनं मोठ्या खडकाकडे धावली, तर तो खडकच हलत होता. गाढव पहिल्यांदाच आडोशाला न जाता मोकळ्या माळाकडे सुटलं, आणि शहाणा होता तो त्याच्या मागे पळाला.

थांबल्यावर दाजींनी गावाकडे पाहिलं. गावाच्या जागी धूळ उभी होती. अशा वेळी माणसाचे हात काय करतील सांगता येत नाही. दाजींचा हात डाव्या खिशात गेला. मग ते धावले.

घर दगडमातीचं, भिंती हातभर जाड, वर मातीचं छप्पर. उन्हाळ्यात काय गार असायचं. ते सगळं आत बसलं होतं. त्या वेळी खोलीत ताई धरून पाच बायका होत्या. वाचली एकच, शेजारची नवी सून. ती परगावची, तिला ह्या घराची सवय नव्हती, म्हणून पहिल्या हादऱ्याला दारातून सुटली ती थेट अंगणाच्या टोकाला. दाजी दोन्ही हातांनी दगड उपसत होते आणि ती मागे उभी राहून तेच तेच सांगत होती. ताई उठल्याच नाहीत. बाकीच्या उठत होत्या, त्यांना हातानं खाली बसवलं. म्हणाल्या, बसा गं. आमचेच आहेत.

संध्याकाळी मशीन निघालं. ताई त्याच्यावर ओणवी होती, आणि सुईखाली कुणाच्या तरी गणवेशाची बाही.

पुढचे दोन दिवस कसे गेले ते ऐका, कारण ते सांगायला कुणाला आवडत नाही. माळावर ताडपत्र्या बांधल्या होत्या. दाजी जिथे जातील तिथलं बोलणं थांबायचं. ज्या न्हाव्यानं जन्मभर थट्टा केली, त्याची आई गेली होती. त्यानं सगळ्यांसमोर विचारलं, भोंगा तरी द्यायचा होतास. दाजी अशी हाकही मारली नाही, थेट तूवर आला. ह्या माणसाचीही बायको गेली आहे, हे कुणाच्या ध्यानात येईना. दाजींनी खिसे उलटे करून दाखवले. पण आता खिसे बघायला कुणाला सवड होती?

तिसऱ्या दिवशी रेडिओनं सांगितलं, भूकंप होता, आजूबाजूची चाळीस गावं गेली. मग लोक एकेक करून दाजींच्या ताडपत्रीखाली येऊन बसू लागले. न्हावी आला, दाढीचं सामान घेऊन आला, त्यानं दाजींची दाढी केली. दाजींनी करू दिली. मात्र त्यानंतर त्या गावात कानांवर हात ठेवून कुणी त्यांना हसवलं नाही, आणि दाजींनीही भोंग्याला पुन्हा हात लावला नाही. चालताना पाय असा टाकायचे, जसा उथळ पाण्यात टाकावा, तळ लागतो की नाही बघत.

महिन्याभरानं तेच साहेब आले. गोड बोलणं राहिलं नव्हतं, डोळे खोल गेलेले. पत्र्याच्या शेडमध्ये टेबलावर नवा नकाशा पसरला, त्यात आपला भाग आता पिवळा होता. अहवाल लिहायचा होता, त्यासाठी सगळ्यांना एकेक प्रश्न. दाजींची पाळी आली तेव्हा साहेबांनी पेन खाली ठेवलं. सावकाश म्हणाले, "काका, बार शिल्लक नाही ह्याची तुम्हाला तेव्हा खात्री होती. मग तुम्ही तसं ठामपणे का सांगितलं नाहीत?"

शेडमध्ये गाव उभं होतं. न्हावी खाली बघत होता. दाजींनी त्या पिवळ्या रंगावरून एकदा तळहात फिरवला, खडकावरून फिरवायचे तसा.

"तुम्ही मला विचारलं नव्हतं, साहेब, सांगितलं होतं. विचारलं ते तिनं, आणि तिला मी तुमचं उत्तर दिलं. डावा खिसा रिकामा होता."