बटणांच्या डब्यातल्या गोळ्या

काजमामा पोटमाळ्यावर चढताना प्रत्येक पायरीला निराळा आवाज काढायचे. पहिल्या पायरीला 'हं', मधल्या पायऱ्यांना 'आई गं', आणि गुडघा वरच्या फळीला टेकला की 'आलो बुवा एकदाचा!' खाली शिवायला बसलेल्या बायका ते 'एकदाचा' कानावर पडल्याशिवाय मशीनला पाय लावत नसत. मामा वर पोचले म्हणजे कारखाना सुरू झाला.

कारखाना आपला म्हणायचा. खाली एक लांबट खोली, तिच्यात कापायचं टेबल आणि शिलाई मशीनं, आणि छताला लागून फळ्या ठोकून केलेला हा पोटमाळा. शर्टाला काजं पाडायचं मशीन खाली मावेना म्हणून मालकांनी ते वर चढवलं, आणि मशीनपाठोपाठ मामांनाही. वर ताठ उभं राहता येत नसे. मान वर केली की पत्रा, उजवीकडे भिंत, डावीकडे गठ्ठे. फळ्यांमध्ये एक चौकोनी भोक ठेवलेलं होतं, त्यातून दोरीला बांधलेली टोपली खालीवर व्हायची. शिवलेले शर्ट वर, काजं पाडलेले खाली. मामांचा जगाशी संबंध त्या भोकाएवढा.

मशीन जुनं आणि महाखट. काजाभोवती शिलाई घालून झाली की सुरी पडून मधलं कापड चिरते. पण ही सुरी कुणाच्या बापाचं ऐकत नसे. कधी घाईने पडायची, कधी सावकाश विचार करून. मामा तिला पायाच्या दाबाने धरून ठेवायचे. दुसऱ्या कुणी हात लावला की चीर भलतीकडेच. शिलाई उसवता येते, चीर कशी उसवणार? त्यामुळे मामांशिवाय काज नाही, काजाशिवाय बटण नाही, आणि बटणाशिवाय शर्टाला इस्त्रीचं तोंड दिसत नाही. हा मान होता. पण मान हा प्रकार फार वेळ मानेवर घेतला की मानच धरते.

शाळा उघडायला आल्या होत्या. गणवेशांचे ढीग पत्र्याला टेकत होते. आणि नेमकी तेव्हाच मामांची खालची दाढ ठणकायला लागली.

मालक भोकाखाली येऊन उभे राहिले. त्यांची बोलायची एक तऱ्हा होती, प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. "मामा, दाढ दुखते का? दुखते. काढायला पाहिजे का? पाहिजे. पण आत्ता काढली तर वर कोण बसणार? कोणी नाही. मग काय करायचं? हा माल जाऊ द्यायचा, मग खुशाल काढायची. पटलं ना? पटलं."

मामांनी तोंड उघडलं तेव्हा मालक निघूनही गेले होते. खरं सांगायचं तर मामांनाही हायसंच वाटलं. दात काढणाऱ्याची ती पक्कड डोळ्यांपुढे आली की ते तोंड घट्ट मिटून घ्यायचे.

"मामाऽ, टोपली ओढा! औषध पाठवलंय!" खालून बटणताईंचा आवाज आला.

बटणताई म्हणजे बटणं लावणाऱ्या बाई. साऱ्या कारखान्याचं दुखणंखुपणं त्यांच्याकडे. त्यांच्याजवळ खणाखणांचा बटणांचा डबा होता, आणि त्याचे शेवटचे तीन खण गोळ्यांसाठी राखलेले. गोळ्यांची पाकिटं डब्यात मावत नाहीत, कोपरे बोटांना टोचतात, म्हणून ताई दुकानातून आणल्या आणल्या सगळ्या गोळ्या टकटक फोडायच्या, रंगाप्रमाणे खणांत ओतायच्या आणि पाकिटं कचऱ्यात टाकायच्या. पांढरी डोक्याला नि दाढेला. पिवळी सर्दीला. गुलाबी कंबरेला. बटणांचा सगळा धंदाच असा, रंग वेगळा म्हणजे माल वेगळा. इतकी वर्षं त्या हिशेबाने एकही शर्ट चुकला नव्हता. मग गोळी कशी चुकेल?

पांढऱ्या गोळीने दाढ थोडी निवली. मामा खूश झाले. पण दाढेला उतार पडल्यावर त्यांना कंबर आठवली. बसून बसून ती लाकूड झाली होती. त्यांनी भोकातून आवाज दिला, "ताई, एक गुलाबी!" टोपली वर आली. कापडाच्या धुळीने नाक चोंदलं होतंच. "ताई, पिवळी आहे का हो?"

"आहे की! तुमच्यासाठी नाही तर कुणासाठी? जावई आहात कारखान्याचे!"

"जावई असतो तर खाली खुर्चीवर बसलो असतो."

खाली हशा पिकला. मामाही हसले आणि लगेच गाल धरला.

मग तेच सुरू झालं. दाढ पुन्हा उठली की पांढरी. ताई जेवायला गेलेल्या असल्या तर शिवणाऱ्या बायकांपैकी कुणीतरी टोपलीत टाकायची. मालक येता-जाता स्वतः एखादी टाकायचे, "घेतली का? घ्या. कामाला जोर येतो का? येतो." कुणी कधी काय पाठवलं हे कुणालाच ठाऊक नव्हतं. मामांच्याही लक्षात राहत नव्हतं. वरती घड्याळ नव्हतं, गठ्ठे होते. घरी निघताना खिशात दोन-चार टाकून न्यायचे, कारण दाढेला सुटी नसते. दाढेमुळे चावता येईना, म्हणून जेवण सुटलं. चहात बुडवलेलं बिस्कीट, तेही नको नको करत.

"ताटाला नमस्कार करून उठता तुम्ही," बायको म्हणाली. "दाढ काढा आणि मोकळे व्हा. मालकाची काजं आहेत, तुमची दाढ आहे. दोन्ही त्याच्याच ताब्यात दिलीत की काय?"

"हा माल जाऊ दे."

"माल जाईल हो. तो काय, ठरल्या दिवशी जाईल. मला चिंता मागे राहणाऱ्याची आहे."

मग ओकाऱ्या सुरू झाल्या. वरती पत्रा तापतो, त्यामुळे असेल, असं सगळ्यांचं एकमत झालं. बरगडीखाली उजवीकडे जड दुखायला लागलं. मामांनी त्यावर गुलाबी घेतली.

एका दुपारी सुरी मामांच्या पायाखालून निसटली आणि शर्टाच्या खिशावर पडली. मामांनी तो शर्ट दोन्ही हातांत धरला आणि बघत राहिले. असं कधी झालं नव्हतं. मशीन आणि शर्ट दोन्ही डोळ्यांपुढे हलत होते. "मी जरा खाली येतो," ते म्हणाले. शिडीवर दोन पाय टाकले आणि अंगातली ताकदच गेली. वर चढवेना, खाली उतरवेना. शिडीला मिठी मारून ते मध्येच लटकले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच शिडीवर मामांचा आवाज नव्हता.

"मामा अडकले!" कुणीतरी ओरडलं. बायकांनी मशीनं सोडली. कुणी पाय धरले, कुणी कंबर, आणि उतरवला माणूस गठ्ठ्यासारखा.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई बोलायला हळू होत्या, पण विचारलेला प्रश्न सोडायच्या नाहीत. माणसाला कोपऱ्यात गाठल्यासारखा तो सारखा समोर.

"कोणत्या गोळ्या घेतल्या?"

"पांढरी, पिवळी आणि गुलाबी," मामा म्हणाले.

"हे रंग झाले. नावं?"

मामांनी बायकोकडे पाहिलं. बायकोने बटणताईंकडे पाहिलं. ताईंनी पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला. डॉक्टरीणबाईंनी झाकण उघडलं, शर्टाची बटणं पाहिली, हुक पाहिले, आणि मग ते तीन खण.

"पाकिटं कुठे आहेत?"

"ती आम्ही टाकतो ना. टोचतात," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"कुठल्या दुकानातून आणता?"

डॉक्टरीणबाईंनी औषधांच्या दुकानाला फोन लावला. हं, हं, करत ऐकलं. फोन ठेवून मामांकडे वळल्या. "पांढऱ्या गोळीत पॅरासिटामॉल. पिवळ्या सर्दीच्या गोळीत सर्दीचं औषध आणि पॅरासिटामॉल. गुलाबीत स्नायू सैल पडायचं औषध आणि पुन्हा पॅरासिटामॉल. तुम्ही तीन औषधं घेत नव्हता काका. एकच औषध तीन रंगांत घेत होता."

"पण ते तर साधं असतं ना हो?" बायकोने विचारलं. "लहान मुलांनासुद्धा देतात."

"साधंच आहे. मापात घेतलं तर चांगलं आहे. दोन वेळांत नीट अंतर ठेवायचं, पाकिटावर दिवसाची जेवढी मर्यादा लिहिली आहे तिच्या आत राहायचं, आणि दुसरी कुठलीही गोळी घेताना आत काय आहे ते वाचायचं. यांचं वजन मुळात कमी, पोटात अन्न नाही, आणि इतके दिवस मोजमाप नसलेल्या गोळ्या. यकृताला सोसत नाही ते. आधी रक्त तपासू. रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू करू."

"पण खरंच काही झालंय का?" मामांनी विचारलं.

"तेच तर बघायचंय. काही झालं असलं तर ते वरून दिसत नाही, आणि दिसेपर्यंत थांबायचं नसतं."

बटणताई डब्याचं झाकण लावायला गेल्या. लागेना. "मीच पाठवल्या हो," त्या म्हणाल्या. "मामा, मीच."

"मी मागितल्या म्हणून पाठवल्या," मामा म्हणाले. तेवढ्यात ओकारी आली.

वॉर्डात मामांना भिंतीकडेची खाट मिळाली. एका हाताला सलाइन. तो हात हलवायचा नाही. नर्सबाईंनी औषधाची कुपी फोडली तेव्हा सडक्या अंड्यासारखा वास आला. "असतोच तो, औषधाचा आहे, तुमचा नाही," त्या म्हणाल्या. मामा आयुष्यात इतके कधी बांधले गेले नव्हते. एका बाजूला भिंत, एका बाजूला नळी, आणि मध्ये दाढ. दाढ थांबेना. आता गोळी मागायचीही सोय नव्हती. ज्या गोळीने दाढ थांबायची तीच पुढे आली तर त्यांनीच तोंड फिरवलं असतं.

"दाढ काढून टाका ना हो," त्यांनी विनवलं. ज्या पक्कडीला ते घाबरत होते ती आता कुणी आणून दिली असती तर त्यांनी स्वतःच लावली असती.

"रक्त गोठायला वेळ लागतोय तुमचं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यकृत नीट चालत नसलं की असं होतं. आत्ता दाढ काढली तर रक्त थांबायचं नाही. थोडं धरा."

इकडे आड, तिकडे विहीर, आणि मध्ये काजमामा. पहिला रिपोर्ट वाईट आला, पुढचा त्याहून वाईट. बायको त्या दिवशी टोमणे मारायची विसरली, म्हणून मामा जास्त घाबरले. ती नुसती खाटेच्या कडेला बसून त्यांच्या मोकळ्या हाताची बोटं दाबत राहिली.

"काय गं, बोलत का नाहीस?"

"काय बोलू?"

"काहीतरी बोल. मालकाला शिव्या दे."

"आज राहू दे."

मामांनी भिंतीकडे तोंड केलं. दाढ ठणकत होती, बरगडीखाली मात्र आता दुखत नव्हतं, आणि त्या रात्री त्यांना पहिल्यांदा दाढेपेक्षा त्या शांततेचीच जास्त भीती वाटली.

मग रिपोर्टमधले आकडे चढायचे थांबले, आणि एका सकाळी उतरायला लागले. डॉक्टरीणबाईंनी कागद उन्हाकडे धरल्यासारखा धरला आणि म्हणाल्या, "उतार पडला. वेळेत आलात." बायको एकदम उठली आणि म्हणाली, "वेळेत कसले! शिडीने आणलं यांना." तिचा आवाज परत आला हे ऐकून मामांच्या डोळ्यांत पाणी आलं.

मालक भेटायला आले ते हातात फळं आणि तोंडात प्रश्न घेऊन. "मामा, बरं वाटतंय का? वाटतंय. घरी जाणार का? जाणार. जाता-जाता जरा वर चढून त्या सुरीचं..."

"आधी दाढ," मामा म्हणाले.

मालकांना सवय नव्हती. दुसऱ्याने दिलेलं उत्तर कुठे ठेवायचं हे त्यांना कळेना.

रक्त नीट गोठायला लागल्यावर दंतवैद्यांनी दाढ काढली. त्यांनी आधी मामांची फाइल शेवटच्या पानापर्यंत वाचली आणि बजावलं, "दुखलं तर आधी मला फोन करायचा. मी सांगेन तेच घ्यायचं, तेवढंच. शेजारच्याची गोळी नाही, घरात पडलेली नाही." मामांच्या तोंडात कापसाचा बोळा कोंबलेला. त्यांनी जोरजोरात मान हलवली.

घरी येऊन आडवे झाले तोच बायकोचा फोन वाजला. मालकांचा आवाज पलीकडच्या खोलीतही ऐकू गेला असता. "वहिनी, मामा आहेत का? आहेत. दाढ निघाली का? निघाली. मग उद्या सकाळी..."

"त्यांना बोलता येत नाही," बायको म्हणाली. "तोंडात कापूस आहे."

"मग कापूस कधी निघणार?"

बायकोने मामांकडे पाहिलं. मामांनी कापूस आणखी घट्ट चावला आणि डोळे मिटून घेतले.