म्हैस, मोटारसायकल आणि आईचे कोपर

१६ ऑक्टोबर २००३, सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटे. बाबा मोटारसायकलवरून घरी आले, त्यांच्यामागे शिंगे रंगवलेली एक म्हैस धावत आली, आणि फाटक उघडायला गेलेली आई तिच्या धक्क्याने पडली. उजव्या कोपराचे हाड मोडले. कोपर कायमचे आखडू शकते, असे डॉक्टरांनी बजावले.

मी तेव्हा भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करत होते. सुटलेल्या जनावराने इजा केली तर जबाबदार मालक, हे माझे मत ठरलेले होते. दवाखान्यातून मी थेट गल्लीच्या टोकाला, गवळ्याच्या गोठ्यावर गेले.

"मामा, म्हैस मोकळी का सोडलीत?"

"दिवाळीच्या पाडव्याला म्हशींच्या शर्यतीत पळवायची हाय न्हवं, तायडे. माझ्या गाडीमागं पळायला शिकिवतोय. सायलेन्सर काढलाय, आवाज वळखती ती. दावं कशाला लागतंय?"

"मग आमच्या बाबांच्या मागे कशी आली?"

"ते तिलाच इचार की!"

विचारले. बाबांची गाडी ढकलत आणून गोठ्यासमोर चालू केली. तिचा सायलेन्सर गणपतीपासून फुटलेला होता; दुरुस्त करा म्हणून आई रोज सांगे, बाबा रोज 'उद्या' म्हणत. पहिल्याच फटफटीला गोठ्यात बांधलेल्या म्हशीने मान उचलली आणि दावे ताणले. शेजाऱ्यांच्या गाडीला तिने कानही हलवला नाही. प्रयोग पुन्हा केला; निष्कर्ष तोच, आणि आमच्या घराला गैरसोयीचा.

निकाल आईने दिला. "म्हैस सोडली मामांनी, बोलावली ह्यांनी. हात बरा होईपर्यंत दोघांनी निस्तरायचं." गवळ्याने रोज दारात धार काढून द्यायची, बाबांनी आईचा अंबाडा घालायचा.

"वहिनी, दावं लावून आणू का मोकळी?"

"मोकळीच आणा. फाटक उघडायला ह्यांना पाठवते."

बाबांचा पहिला अंबाडा अर्ध्या तासात सुटला. पुढे त्यांना आकडे कुठे खोचायचे ते कळू लागले.

प्लास्टर निघाल्यावर दर रविवारी मी कोनमापक लावून हात किती वाकतो ते मोजत असे. प्रगती मंद होती. आकडा ऐकेपर्यंत बाबा श्वास रोखून उभे राहत.

एका रविवारी स्वयंपाकघराच्या दारातून मी पाहिले: आईने उजवा हात सहज डोक्यामागे नेला, सुटलेला आकडा खोचला, मग तो पुन्हा काढून मुठीत लपवला. मोजायला बसल्यावर तिने हात मध्येच थांबवला. "इथवरच जातोय गं." मागे बाबा फणी घेऊन उभे होते.

मी लिहिले : ९० अंश.