आवाज सारखा केल्यावर

आधीच माफी मागतो. संगीतातलं मला फारसं कळत नाही, आणि मराठीत लिहायला बसणं हेही माझ्यासाठी थोडं धाडसच आहे. आमचं घर कित्येक पिढ्यांपासून बेंगळुरूत आहे. मराठी आम्ही जेवताना आणि भांडताना बोलतो. शाळा कन्नडमध्ये झाली, कॉलेज इंग्रजीत चाललंय. माझे वडील, अप्पा, पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवतात, आणि घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. संगीताच्या दर्दी माणसानं कॉम्प्युटरवर गाणं ऐकावं की नाही, यावर माझ्यासारख्यानं मत द्यावं असं काही नाही. पण या प्रश्नाचा निकाल एकदा एका घरात लावायचा ठरला आणि तेव्हा बटण माझ्या हातात होतं, एवढ्यासाठी लिहितो.

ते घर बेंगळुरूतच, हेब्बाळला, नवव्या मजल्यावर होतं. घरमालकांना मी काका म्हणायचो; ते मूळचे पुण्याचे. सरकारी कारखान्यात विमानांची मोजमापाची उपकरणं तपासून पास करण्यात त्यांची सगळी नोकरी गेलेली. निवृत्तीनंतर एक खोली त्यांनी फक्त गाणं ऐकण्यासाठी ठेवली होती. कमरेएवढे दोन स्पीकर, कडप्प्याच्या लादीवर ठेवलेला रेकॉर्ड प्लेअर आणि एक भिंत भरून रेकॉर्डचं कपाट. फ्लायओव्हरचा आवाज अडावा म्हणून अप्पांनी त्या खोलीला जाड, दुहेरी पडदे शिवून दिले. ते लावायला मी बरोबर गेलो होतो. मी इलेक्ट्रॉनिक्स शिकतो हे कळल्यावर काकांनी मला खुर्चीत बसवलं आणि चौकशी सुरू केली. मी दोन वाक्यं बोललो असेन.

"अरे, तुझं मराठी कानडीत भिजवून वाळत घातलंय की काय?"

"स्वल्प तसंच आहे, काका," मी म्हणालो. काकू हसल्या. काका हसले नाहीत, पण पुढच्या रविवारी ये म्हणाले.

त्यांना माझी गरज का होती ते मला नंतर समजलं. उन्हाळ्यात ती दोघं मुलीकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डला, कायमची राहायला जाणार होती. तिथे त्यांच्या वाट्याला एकच खोली होती. कपाट तिथे मावणार नव्हतं. मुलीनं सुचवलं होतं, सगळं कॉम्प्युटरवर घ्या, एका डबीत मावेल. काकूंना ते पटलं होतं. काकांना कॉम्प्युटरचा मनापासून संशय होता.

"जे यंत्र गाणं वाजवता वाजवता मेल बघतं, घड्याळ सांभाळतं, मध्येच 'अपडेट करू का' म्हणून विचारतं, त्याचं लक्ष गाण्यात असेल का?" ते मला विचारायचे.

मी म्हणायचो की यंत्राला लक्ष नसतं. पण खरं सांगायचं तर त्यांचा संशय अगदीच खोटा नव्हता. कॉम्प्युटर आपल्याला न विचारता आवाजात फेरफार करू शकतो, दोन ठिकाणचे आवाज एकत्र मिसळू शकतो, आणि तसं केल्याचं कुठेही सांगत नाही. मी सेटिंगमध्ये जाऊन ते सगळं बंद करून दाखवलं. काका म्हणाले, "बंद केलं असं तोच सांगतोय ना? मग?"

शेवटी परीक्षा घ्यायची असं ठरलं. अट काकांनीच घातली. फरक ओळखता आला तर कपाट व्हाइटफील्डला येईल, मग पलंग गॅलरीत टाकावा लागला तरी चालेल. नाही ओळखता आला तर सगळ्या रेकॉर्ड देऊन टाकायच्या. त्यांच्या ओळखीचा एक गृहस्थ त्या न्यायला तयारच होता.

"शब्द म्हणजे शब्द हं," काकू म्हणाल्या. "मी साक्षीदार."

"तू साक्षीदार कसली, तू फिर्यादी," काका म्हणाले.

मी त्यांच्याच कपाटातल्या एका गायिकेच्या रेकॉर्डची कॉम्प्युटरवर नक्कल करून घेतली, बारीक खरखरीसकट. नाहीतर खरखर ऐकूनच रेकॉर्ड ओळखू आली असती. परीक्षेच्या दिवशी ते माझ्याकडे पाठ करून बसले. मी दर वेळी सुई रेकॉर्डवर टेकवत होतो, म्हणजे हालचालीवरून काही कळू नये. अॅम्प्लिफायरवरचं बटण मात्र कधी रेकॉर्डकडे असायचं, कधी कॉम्प्युटरकडे. कोणत्या वेळी आधी काय, ते मी आदल्या दिवशी नाणं उडवून कागदावर लिहून आणलं होतं. तोच आलाप एकदा असा, एकदा तसा. असं दहा वेळा. प्रत्येक वेळी कोणता चांगला ते त्यांनी सांगायचं.

तिसऱ्या वेळी ते डोळे मिटून म्हणाले, "हा पहिला. हीच रेकॉर्ड. बाईंचा श्वास ऐकलास? मागचा तानपुरा बघ कसा मोकळा झालाय."

तो कॉम्प्युटर होता.

दहातल्या आठ वेळा त्यांनी कॉम्प्युटरलाच रेकॉर्ड म्हटलं. मी कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला, पुन्हा लावून वाचला. मग म्हणाले, "ठीक. कपाट जाऊ दे." काकू जिंकल्या होत्या. मला चहा पिऊन जा म्हणाल्या आणि स्वतःचा चहा तसाच ठेवून आत गेल्या.

त्याच आठवड्यात कॉलेजच्या प्रयोगशाळेत आम्हाला अॅम्प्लिफायरची मोजणी होती. सरांनी सहज सांगितलं की दोन आवाजांची तुलना करायची तर आधी दोन्हींची पातळी मीटर लावून सारखी करून घ्या. थोडासा मोठा आवाज माणसाला मोठा वाटत नाही, नुसता चांगला वाटतो. नक्कल घेताना पातळी मी कानानं ठरवली होती. मीटर लावलाच नव्हता.

रेकॉर्ड रविवारी जाणार होत्या. शनिवारी सकाळी कॉलेजचा मल्टीमीटर मागून घेऊन मी हेब्बाळला गेलो. काकांकडे तपासणीची एक रेकॉर्ड होती, तिच्यात एकसारखा सूर वाजत राहतो. तो सूर मी त्याच सेटिंगवर नकलून घेतला आणि दोन्हीकडून वाजवून स्पीकरच्या तारांवर मोजला. कॉम्प्युटर थोडा वर होता. फार नाही, पण होता.

काका मीटरचा काटा बघत उभे राहिले. "अरे गाढवा," ते म्हणाले, आणि मला वाटलं मलाच म्हणताहेत. पण ते स्वतःला म्हणत होते. "तपासल्याशिवाय एक मीटर मी विमानात बसू दिला नाही. आणि इथे खुर्चीत बसून राहिलो." मग एकदम त्यांना आनंद झाला. "म्हणजे माझे कान बरोबर होते! जास्त होता तोच मी उचलला. कर सारखा. परत घेऊ."

मी पातळी सारखी केली. त्यांनी मीटर स्वतः बघितला. नवीन कागद, नवीन नाणं, पुन्हा दहा वेळा. या वेळी फक्त रेकॉर्ड की कॉम्प्युटर एवढंच सांगायचं. ते फार वेळ घेत होते. दोनदा म्हणाले, पुन्हा लाव. सातव्यानंतर त्यांच्या मानेवर घाम दिसायला लागला.

दहातली पाच बरोबर आली.

पाच म्हणजे काय ते आम्हा दोघांनाही समजत होतं. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी तेवढीच बरोबर आली असती. मी कागद पुढे केला. त्यांनी तो घेतला नाही.

"तू बटण फिरवतच नव्हतास," ते म्हणाले.

"फिरवत होतो, काका."

"सगळ्या वेळी एकच वाजवत होतास. सुई टेकवायचा आवाज करायचास आणि एकच वाजवायचास. कोणी सांगितलं तुला? हिनं?"

"अहो!" काकू दारातून ओरडल्या. "काय बोलताय त्या पोराला?"

"त्या दिवशी आठ आली, आज पाच. कान आठवड्यात म्हातारे होतात का?"

मला सांगायचं होतं की त्या दिवशीची आठ म्हणजे मोठ्या आवाजाची आठ होती. पण मराठी शब्द जुळेनात, आणि जुळले असते तरी त्यांनी ऐकले नसते. बटण फिरवलं याचा पुरावा माझ्याकडे काहीच नव्हता. ते पाठ करून बसले होते, काकू स्वयंपाकघरात होत्या. खोलीत बघणारा मी एकटाच. मी मीटर पिशवीत टाकला आणि निघालो.

घरी अप्पांना सगळं सांगितलं. ते मशीनवर होते, पाय थांबवला नाही. "सरी, असू दे, सोड. मोठ्यांच्या घरी काम करावं, कापडाची घडी घालून यावं. त्यांच्या कानात काय आहे ते आपल्याला कशाला?"

"पण मी खोटं नाही केलं, अप्पा."

"मी म्हटलं का केलंस म्हणून?"

मला मात्र खात्री राहिली नाही. पुढचे कित्येक दिवस मी मनात ते बटण फिरवत होतो. सहाव्या वेळी फिरवलं का? नवव्या वेळी कागद बघायला विसरलो तर नाही? त्यांच्या संशयाची लागण मलाच झाली होती. मोबाइलवर एखादं गाणं लावलं तरी वाटायचं, हे कुणी तरी मध्येच काहीतरी करून माझ्यापर्यंत पोचवतंय. रविवारी रेकॉर्ड गेल्या की नाही तेही मला माहीत नव्हतं. हेब्बाळला फोन करायची हिंमत झाली नाही. उन्हाळा संपला, ती दोघं व्हाइटफील्डला गेली असणार एवढंच समजून होतो. सेमिस्टर संपलं, निकाल लागला. मी पास झालो. तेव्हाही एक क्षण वाटलं की त्यांना सांगावं. नाही सांगितलं.

दर्दी माणसानं कॉम्प्युटरवर ऐकावं का, असं मला कोणी विचारलं तर मी एवढंच म्हणेन की आधी मोजावं. पण मोजल्यानंतर जे दिसेल ते पचवण्याची तयारी असावी लागते, आणि ती मीटरमध्ये नसते.

गेल्या मंगळवारी काकूंचा आवाजातला निरोप आला. मागे मिक्सर चालू होता, म्हणून तीनदा ऐकला. त्या म्हणाल्या:

"अरे, कसा आहेस? रेकॉर्ड कुठेही गेल्या नाहीत. त्या माणसाला ह्यांनी दारातूनच परत पाठवलं. सगळ्या इथे आल्यात, नातवाच्या खोलीत, पलंगाखाली. रोज मात्र कॉम्प्युटरच लावतात, आणि आल्यागेल्याला सांगतात, सोय म्हणून लावतो, ऐकण्यासारखं नाही. असू दे. तुला दुसरंच सांगायचंय. इथे आल्यावर ह्यांनी ती परीक्षा पुन्हा घेतली. बटण फिरवायला मला बसवलं, कारण मला त्यातलं काही कळत नाही, म्हणून माझ्यावर विश्वास. दोनदा घेतली. एकदा पाच आली, एकदा चार. दुसऱ्यांदा कागद बघून म्हणाले, तो मुलगा फिरवत होता. एवढंच म्हणाले आणि फिरायला गेले. तुला कळव असं काही म्हणाले नाहीत. मीच कळवते आहे."