शांतादेवींचं कोपर

मंगळवार पेठेत बसलिंगाप्पांचं सरकी पेंडीचं दुकान होतं आणि दुकानापेक्षा त्यांचं घोरणं जास्त नावाजलेलं होतं. दुपारी ते गादीवर कलंडले की समोरच्या सायकल दुरुस्तीवाल्याला रेडिओ मोठा करावा लागे. त्यांच्या आईला, म्हणजे अव्वांना, या घोरण्याचं कौतुक होतं. घोरणारा माणूस म्हणजे पोटभर जेवलेला, मनात पाप नसलेला माणूस, असं अव्वांचं शास्त्र. अव्वांचे यजमानही असेच घोरायचे आणि एका पहाटे झोपेतच गेले. पुण्यवान माणूस, कुणाला तसदी न देता गेला, असं सगळी पेठ म्हणाली.

सून शांतादेवी तेव्हा घरात नव्या होत्या. पलीकडच्या खोलीत त्या जाग्या होत्या. सासऱ्यांचं घोरणं मध्येच थांबलं आणि परत सुरू झालंच नाही, हे त्यांनी ऐकलं होतं. त्यामुळे या पुण्याबद्दल त्यांचं मत जरा निराळं होतं.

नव्वद सालाच्या सुमारास नवऱ्याचंही घोरणं तसंच तुटायला लागलं. घर्र घर्र चाललंय, आणि मग एकदम सामसूम. पहिल्यांदा ती सामसूम झाली तेव्हा शांतादेवींनी घाबरून नवऱ्याच्या बरगडीत कोपर मारलं आणि "एळ्री!" म्हणून ओरडल्या. त्यांचं माहेर गडहिंग्लजकडचं. घाबरल्या की 'उठा' हे त्यांना कानडीतच सुचायचं. बसलिंगाप्पांनी फुर्रकन श्वास घेतला, कूस बदलली आणि घोरणं पुढे चालू केलं. त्या रात्रीपासून कोपर कामाला लागलं ते लागलंच. पुढं पुढं ते शांतादेवींना न विचारता आपलं आपण मारायचं.

रात्र अशी गेल्यावर झोप कुठं तरी भरून काढावी लागतेच. शांतादेवी लग्नाच्या पंगतीत डुलक्या घ्यायच्या, जोतिबाच्या रांगेत उभ्या उभ्या पेंगायच्या. सासरच्यांनी त्यांना झोपाळू ठरवून टाकलं.

"झोपेत श्वास थांबतोय तुमचा," त्या नवऱ्याला सांगायच्या.

"मग मला कसं न्हाय कळलं?" बसलिंगाप्पा विचारायचे.

दोन हजार चार साली बसलिंगाप्पांचा घसा सारखा कोरडा पडायला लागला, म्हणून दोघं कान-नाक-घशाच्या दवाखान्यात गेले. तिथल्या डॉ. अवनी तरुण होत्या. घोरणाऱ्यांपैकी किती जणांचा श्वास झोपेत अडतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. बॅटरी मारून त्यांनी बसलिंगाप्पांचा नाक-घसा बघितला. पडजीभ लांब, घसा अरुंद, नाकाचं हाड वाकडं. मग त्या शांतादेवींकडे वळल्या आणि म्हणाल्या, "घोरता घोरता यांचा श्वास थांबतो का हो?"

शांतादेवींना रडूच कोसळलं. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

"थांबतोय की! मी हाय म्हणून चालू हाय त्यो."

एक रात्र दवाखान्यात झोपायचं, बाकीचं यंत्र सांगेल, असं ठरलं. बसलिंगाप्पांनी निघताना अट घातली. यंत्र 'न्हाय' म्हणालं, तर पुन्हा या विषयावर घरात चकार शब्द काढायचा नाही. शांतादेवी कबूल झाल्या. त्यांना यंत्राचा भरवसा होता.

रात्री कृष्णात नावाच्या तंत्रज्ञानं बसलिंगाप्पांच्या डोक्याला वायरी चिकटवल्या, नाकाखाली नळी आणि बोटाला चिमटा लावला. छातीला पट्टा बांधायचा तर गळ्यातली चांदीची लिंगाची डबी मध्ये येत होती आणि लिंगायतानं लिंग अंगावरून उतरवायचं नसतं. शेवटी डबी बाजूला ठेवून लिंग कापडात बांधून गळ्यापाशी घेतलं. मग दिवा मालवून कृष्णात पलीकडच्या खोलीत पडद्यासमोर जाऊन बसला. शांतादेवी खाटेशेजारच्या बाकावर बसल्या.

निकाल आला तो किरकोळ.

"मला जरा कोडंच पडलंय," डॉ. अवनी दोघांना समोर बसवून म्हणाल्या. "श्वास अडतोय, पण दर वेळी लगेच सुरू होतोय. इतकं तत्पर शरीर मी बघितलं नाही."

"आमच्या घराण्यातच हाय ते," बसलिंगाप्पा म्हणाले आणि डॉक्टर कागद चाळतायत तोवर खुर्चीतच घोरायला लागले. मग घोरणं थांबलं. शांतादेवी खाली मान घालून बसल्या होत्या. त्यांनी मान न उचलता शेजारी कोपर हाणलं. फुर्रकन श्वास सुरू झाला.

डॉक्टरांनी कागद खाली ठेवले. "त्या रात्रीही तुम्ही हेच केलंत?"

"मग? दवाखान्यात आणून मरू द्यायचं हुतं व्हय?"

बसलिंगाप्पा जागे होऊन म्हणाले, की तपासणी एकदाच ठरली होती. डॉ. अवनी म्हणाल्या, "ती तपासणी तुमची झालीच नाही. यांची झाली."

दुसऱ्या खेपेला शांतादेवींना कृष्णातच्या खोलीत बसवलं. पडद्यावर श्वासाची रेघ वरखाली होत होती. ती एकदम आडवी झाली तशा शांतादेवी दाराकडे धावल्या.

"मावशी, बसा. हात लावायचा न्हाय," कृष्णात आडवा आला.

त्यांनी दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा रेघ पुन्हा चालू झाली होती. कुणी काही न करता. असं रात्रभर चाललं. पहाटेपर्यंत त्यांचं उठणंही बंद झालं.

या खेपेला आजार मोठा निघाला. शांतादेवींनी मात्र भलतंच विचारलं.

"म्हंजे मी नसले तरी ते आपसूक श्वास घेत्यात?"

"घेतात. पण फार उशिरा."

शांतादेवींना वाईट वाटलं. खरं तर आनंद व्हायला हवा होता, पण वाईटच वाटलं. आयुष्यातली एवढी झोप फुकट गेली म्हणायची. डॉ. अवनींनी दोन्ही रात्रींचे कागद शेजारी शेजारी ठेवले. "हे बघा. काल रक्तातला प्राणवायू इतका खाली गेला. तुम्ही शेजारी होतात त्या रात्री एकदाही गेला नाही."

शांतादेवींनी ते कागद वाचता येत नसूनही बराच वेळ बघितले.

मग घरात झोपेत श्वास अडू नये म्हणून हवा सोडणारं यंत्र आलं. नाकावर सोंडेसारखी नळी बघून अव्वांनी गणपतीला करतात तसा नमस्कार केला. त्या रात्री पेठेत बसलिंगाप्पांचा आवाज झाला नाही. शांतादेवी सवयीनं थोडा वेळ कान लावून राहिल्या. मग त्यांना झोप लागली.

जाग आली ती बरगडीत काहीतरी हळूच टोचलं म्हणून. ऊन पार खोलीभर आलं होतं. बसलिंगाप्पा शेजारी मांडी घालून बसले होते. त्यांचं एक बोट बायकोच्या नाकाखाली होतं आणि कोपर अजून तिच्या अंगाशी होतं.

"एळ्री," ते म्हणाले.

"काय झालं?"

"रातभर हलली न्हाईस. म्हटलं, श्वास चाललाय का बघावा."

"आणि दुकान?"

"उघडलं न्हाय."

"मग बघत बसा असंच," शांतादेवी म्हणाल्या आणि कूस बदलून परत झोपल्या.