माणूस गेल्यावरचं दार

साकोलीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली, तेव्हा बाबांनी माझी पेटी वर चढवली आणि खिडकीशी येऊन म्हणाले, "सिनेमा शिकाले जाऊन राहिली, त शिकूनच येजो." पुण्यात एडिटिंग शिकले, पुढे पॅरिसला गेले आणि तिथलीच झाले. माझं गाव, आसगाव, मागे राहिलं.

पॅरिसमध्ये एका म्हाताऱ्या फ्रेंच दिग्दर्शकाचे सिनेमे मी कापायची. तरुणपणी कॅमेरा खांद्यावर घेऊन ते रस्त्यांवर धावले होते. नंतर भडक रंगांच्या, गर्दी खेचणाऱ्या फिल्मा केल्या. बायको गेल्यावर मात्र त्यांचा कॅमेरा एका जागी बसला. दिवे बंद, खिडकीतून येईल तोच उजेड. माणूस दारातून निघून जायचा आणि कॅमेरा त्या रिकाम्या दारावरच थांबायचा. मी शॉट कापायला गेले की ते म्हणत, "राहू दे." प्रेक्षक कंटाळून उठायचे, निर्माते दुरावले, पण त्यांनी ढंग सोडला नाही.

एकदा धानाच्या कापणीला गावी आले, तेव्हा त्यांची एक फिल्म बाबांना लॅपटॉपवर दाखवली.

"मानूस त केव्हाचाच गेला," बाबा म्हणाले. "मंग हा दार काहून दाखवून राहिला?"

"त्यायची पद्धतच हाय तशी, बाबा."

ते उठून गोठ्याकडे गेले.

त्या दिग्दर्शक साहेबांची शेवटची फिल्म कापत असताना धाकट्या भावाचा फोन आला. बाबा सकाळी धानाच्या बांधीत गेले आणि तिथेच कोसळले. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. आई ओसरीवर बसली होती.

"कायले एवढी धावत आलीस?" ती म्हणाली. "बाबाले पाह्याचं त राहूनच गेलं तुह्यं."

तिच्या आवाजात राग नव्हता. तेच मला सोसलं नाही.

परतल्यावर पुन्हा तसाच शॉट समोर आला. एक म्हातारा बाहेर पडतो, दार उघडंच राहतं. या वेळी साहेबच म्हणाले, "पुरे, काप आता." माझा हात उचलेना. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसले. शॉट तसाच ठेवला. ती फिल्म फार कुणी पाहिली नाही, आणि वर्षाच्या आत साहेबही गेले.

गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारख्या निघून गेलेल्यांनो, घर कशाला म्हणायचं हे तुम्हाला ठाऊक असेल. मी रविवारी आईला फोन करते. 'कवा येतेस?' हे तिनं विचारणं सोडलंय. तळ्यात पाणी किती, एवढं सांगते आणि म्हणते, "ठेवू का?" मग मी शेजाऱ्यांची चौकशी करते, म्हशीची करते, तिनं फोन ठेवू नये म्हणून काहीबाही बोलत राहते. माझं घर आता तेवढंच आहे.