जाड गड्डी, पातळ गड्डी

ज्या यंत्रासाठी सर रोज संध्याकाळी आज्ञा लिहीत बसत, ते यंत्र अमरावतीत नव्हतं, अकोल्यात नव्हतं, अख्ख्या वऱ्हाडात नव्हतं. एक मुंबईला होतं, दुसरं कानपूरला. त्या साठ-पासष्टच्या सुमारास अमरावतीच्या आमच्या कॉलेजात कॉम्प्युटर हा शब्द गणिताच्या दोघांच्याच तोंडी असे : एक सर, दुसरी त्यांच्या हाताखाली नव्यानं लागलेली मी. बाकीचे त्यांना ‘गड्डीवाले सर’ म्हणत. भोकं पाडलेल्या कार्डांच्या गड्ड्या पत्र्याच्या ट्रंकेत भरून सुट्टी लागली की ते बडनेऱ्याहून मुंबईची गाडी पकडत. यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या या कार्डांतूनच.

सर मूळचे अकोटकडचे, घरी भाजीचा मळा. मुंबईत यंत्रावर काम करण्यात त्यांची काही वर्षं गेली होती. धाकटा भाऊ अचानक गेला, मळा उघडा पडला, म्हणून ते परत आले. आल्याचं दुःख त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही, पण गेलेलं काही परत मिळवायचं आहे अशा घाईत ते कायम असत. वर्गातही वऱ्हाडीच बोलत. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी भाषेबद्दल नापसंती दाखवली, तर सर सरळ म्हणाले, “पोरायले समजून राह्यलं ना? मंग झालं.” पाहुण्यांचा चेहरा उतरला, आणि सर फळ्याकडे वळले.

त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट होती. अकोल्याला कापसाच्या वाणांवर संशोधन करणारी मंडळी दर हंगामात आकडे पाठवत. कोणता वाण खरोखर जास्त देतो आणि कोणता नुसता योगायोगानं, ते काढायला लांबलचक हिशेब लागे. मुंबईच्या यंत्रासाठी लिहिलेलं कानपूरला चालत नसे. कानपूरचं मुंबईला चालत नसे. “चुलीची जागा बदलली म्हून दर बारीले सारं घर नव्यानं बांधाचं?” सर चिडून विचारत. म्हणून त्यांनी काम दोन भागांत तोडलं. गणिताचा भाग सगळीकडे तोच : ती जाड गड्डी. एका यंत्रापुरतं जे असेल, म्हणजे आकडे आत कसे घ्यायचे, उत्तर कसं छापायचं, ते सगळं वेगळं काढून पातळ गड्डीत. यंत्र बदललं की पातळ गड्डी बदलायची, जाडीला हात लावायचा नाही. पहिल्यांदा नेहमी उत्तर ठाऊक असलेलं गणित द्यायचं. “त्याले आधी तपास,” ते म्हणत, “मंग त्याच्यावर भरोसा ठेव.”

एकदा मीही सोबत निघाले होते, तेव्हा बडनेऱ्याला डब्यात चढताना ट्रंकेची कडी निसटली आणि फलाटभर कार्डं पसरली. लोक मदतीला धावले तर सर ओरडले, “हात नका लावू!” गाडी निघून गेली. आम्ही दोघं उकिडवे बसून कार्डं गोळा करत होतो. कार्डं मिळाली सगळी, पण कोणतं कोणाच्या आधीचं ते कळेना. ती पुन्हा लावण्यात सबंध सुट्टी गेली. तेव्हापासून प्रत्येक कार्डावर क्रमांक, आणि गड्डीच्या वरच्या कडेवर एक तिरकी रेघ. एक कार्ड जरी इकडचं तिकडे झालं तरी रेघ तुटलेली दिसायची.

याच वेळी मला कळलं, की सर कार्ड खिडकीशी नेऊन, मान वाकडी करून पाहतात. विचारलं तर म्हणाले, “उजेड कमी हाये.” बाहेर रणरणतं ऊन होतं. शेवटी वहिनींनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, बळंच अकोल्याला नेलं. जठारपेठेतल्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. फार उशीर झाला होता.

त्यानंतर सर बदलले. ते माझ्यावर ओरडू लागले, इतके की मी दोनदा नोकरी सोडायचं ठरवलं. मला खोलीत एकटीला बसवत आणि स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकत. कोणतं कार्ड कशासाठी आणि कोणत्या क्रमानं, याची त्यांनी माझ्याकडून एक यादी लिहवून घेतली होती; ती पाहून गड्ड्या मीच जुळवायच्या. अडले आणि बाहेर जाऊन विचारलं, तर उत्तर देत नसत.

“सर, एवढं तरी सांगा.”

“मी मेलो असं समज, पोरी. मंग कोणाले इचारशीन?”

मला राग येई. पण जिथं मी अडे, तिथं दुसऱ्या दिवशी ते मला एक वाक्य सांगून यादीत भरायला लावत. “माह्याबिगर चाललं पाह्यजे,” एवढंच ते म्हणत. 

नजर पार गेली तसे ते राजीनामा देऊन अकोटला निघून गेले. पुढच्याच वर्षी मुंबईचं जुनं यंत्र काढून नवं बसवलं. तिथल्या कित्येकांचं काम एका दिवसात निकामी झालं. मी ट्रंक घेऊन एकटी गेले. नवी पातळ गड्डी लिहिली. ठाऊक असलेलं गणित दिलं, उत्तर चुकीचं आलं. आठवडाभर माझ्याच गड्डीत चूक शोधत राहिले. सापडली ती सरांच्या जाड गड्डीत. यंत्रात एका संख्येचे किती आकडे मावतात, हे एका ठिकाणी त्यांनी जुन्या यंत्राप्रमाणे धरून टाकलं होतं. मी ते बदललं. उत्तर बरोबर आलं. त्या हंगामाचे अकोल्याचे हिशेब वेळेवर पोचले.

परतताना एस. टी.नं अकोटला गेले. सर मळ्यात बाजेवर बसले होते. आवाजानं ओळखलं.

“चाललं?”

“चाललं, सर.”

“पातळ गड्डी कोनं लिवली?”

“मी.”

ते हसले. मग लगेच म्हणाले, “अडली कुठं?”

मी सांगितलं. त्यांचं हसू मावळलं. वहिनी चहा घेऊन आल्या, तो त्यांनी हातात तसाच धरून ठेवला.

“म्हंजे जाडीत हात घातला तू. मले न इचारता?”

“हो, सर.”

मळ्यात मोटेचा आवाज चालू होता. चहाचा कप बाजेवर ठेवून ते म्हणाले, “बरं केलं. चूक माह्यीच व्हती.” आणि मग, “पन आता ते माह्यं नाही राह्यलं.”

वहिनींचा हात धरून ते सडकेपर्यंत सोडायला आले. बस आली तेव्हा माझ्या दिशेनं, पण जरा बाजूला पाहत म्हणाले, “पुढच्या बारीले आली का सांगजो, अजून काय काय बदललं ते.”

हिवाळ्यात वहिनींची तार आली. मी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं.

त्या गड्ड्यांत पुढं पुष्कळ बदललं. काय बदललं ते सांगायला दर वेळी मला अकोटची बस आठवे.