उर्सेकरणीची बारी

आमच्या आबांएवढा मोठा आवाज अख्ख्या पुणे जिल्ह्यात दुसरा नाही, आणि आमच्या आबांएवढं गप्प बसणंही दुसऱ्या कुणाला जमत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या नावावर लावल्या की लोक मला हसतात, पण मी दोन्ही अगदी जवळून पाहिल्या आहेत. आबा बैलगाडा शर्यतीचे निवेदक. मावळात कुठल्याही गावची यात्रा असो, शर्यतीचा घाट, म्हणजे गाडे पळवायची चढण, सजला की मचाणावर माईक धरून उभे असतात ते आबाच. कुणाची बैलं, कुठलं गाव, या गाडामालकाच्या आजोबांनी कोणत्या यात्रेत कुणाची जिरवली होती, हे सगळं ते सकाळपासून उन्हं कलेपर्यंत पाण्याचा घोट न घेता सांगतात, आणि एकेका गाड्याची बारी, म्हणजे धाव, सुटायला झेंडा पडला की असं काही 'भिर्रर्र' करतात की समोरच्या डोंगरावर चरणारी गुरं मान वर करून बघतात. मी त्यांच्या पायाशी मशीन घेऊन बसलेला असतो. मंडप आणि साउंडचा धंदा करणाऱ्या एका शेठकडे मी कामाला आहे. आवाज कमी-जास्त करणं एवढंच माझं काम, आणि आबांच्या बाबतीत ते नुसतं कमी करण्याचंच असतं.

हाच माणूस मांजर पकडायला बसला की दगड होतो. रस्त्यावरचं जखमी, आजारी, कुणी पोत्यात घालून सोडलेलं मांजर दिसलं की आबा मिळेल तिथे उकिडवे बसतात, खिशातला सुका बोंबील काढून पुढे धरतात आणि मग जगाशी त्यांचा संबंध संपतो. एकदा ते असेच एका गटाराच्या पाइपासमोर बसले असताना गावचे सरपंच स्वतः त्यांना कार्यक्रमाचं आमंत्रण द्यायला आले. सरपंच बोलतायत, विनवतायत, आणि आबा त्यांच्याकडे बघेनात. आबा रुसले असं समजून सरपंच घाबरले आणि त्यांनी पत्रिकेत आबांचं नाव आमदारांच्या खालोखाल, ठळक अक्षरात छापलं. पाइपातलं मांजर तोवर टोपलीत आलेलं होतं. आबांना पत्रिकेचं काहीच कळलं नव्हतं. "सरपंच आल्तं व्हय?" त्यांनी मला विचारलं. "मला वाटलं कोनतरी सावली धरून हुबं हाय."

मांजरांची नावं ते गाडामालकांच्या नावांसारखी गावावरून ठेवतात. देहूरोडला डेपोच्या भिंतीपाशी सापडलेला तो देहूरोडकर, सदा कपाळाला आठ्या. बेगडेवाडी स्टेशनच्या जिन्याखालचा धट्टाकट्टा बोका तो बेगडेवाडीकर. या बेगडेवाडीकराला एके दिवशी पिल्लं झाली, तेव्हा आबांनी नाव बदललं नाही, मानानं नुसतं 'बाई' लावलं. मी मूळचा हिंगोलीकडचा, आठवीत शाळा सुटली तेव्हापासून पोटामागे फिरत इथवर आलेला. म्हणून मला त्यांनी पहिल्याच दिवशी 'हिंगोली' करून टाकलं. माझं खरं नाव त्यांना ठाऊक आहे की नाही, याची मला खात्री नाही, आणि विचारायची हिंमतही होत नाही.

निवेदकाला जागोजागी शाल आणि फेटा मिळतो. लोक त्या शाली कपाटात ठेवतात. आबांच्या शाली मांजरांच्या अंगावर असतात. कुठल्या तरी मंत्र्याच्या हस्ते मिळालेल्या जरीकाठी शालीत खरूज झालेलं मांजर गुंडाळलेलं मी पाहिलं आहे. "लोकांच्या शालीला डांबराच्या गोळ्यांचा वास येतो," काकू, म्हणजे आबांची बायको, येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात, "आमच्या शालीला बोंबलाचा. म्या मेले तर मलाबी त्यातलीच एक घालतील. धुवून तरी घाला म्हणावं." असं म्हणता म्हणता त्या पिल्लाच्या तोंडात कापसाच्या बोळ्याने दूध पिळत असतात.

अशाच एका शालीत मीही गेलो आहे. इकडे नवीनच आलो होतो, खोलीत तापाने पडलो होतो आणि आईला फोन करून कळवू की नको याच काळजीत अर्धमेला झालो होतो. मी कामावर का नाही म्हणून आबा बघायला आले. त्यांनी मला शाल पांघरली, उचलून गाडीत घातलं आणि मांडीवर एक काकडलेलं पिल्लू ठेवलं. "अंगात ताप हाय तुज्या," म्हणाले, "वाया कशाला घालवतोस? त्याला जवळ घे." तळेगावच्या दवाखान्यात मला दाखल करून ते पिल्लाला घेऊन पुढे लोणावळ्याला गेले. आम्ही दोघंही वाचलो. पिल्लू आधी हिंडाफिरायला लागलं, हे आबा अजून मला ऐकवतात.

लोणावळ्याला कशासाठी, तर तिथे आबांच्या डॉक्टरीणबाई आहेत. त्यांच्याकडे बंगलेवाल्यांची स्वेटर घातलेली कुत्री येतात. त्या रांगेत आबा धोतर सावरून, टोपली मांडीवर घेऊन बसतात. हळू बोलणं त्यांना येत नाही. "पुढची बारी देहूरोडकराची," असं त्यांनी एकदा नुसतं मला सांगितलं, तर एक भलामोठा कुत्रा बाकाखाली शिरला तो चारचौघांनी ओढला तरी निघेना. डॉक्टरीणबाई आतून म्हणाल्या, "आबा, मला ऐकू आलं. लोणावळ्याला सगळ्यांना ऐकू आलं."

या सगळ्याला पैसा लागतो, आणि तो आबा माईकवरून उभा करतात. आपलं नाव माईकवरून घेतलं जावं म्हणून शर्यतीत लोक बक्षिसं देतात, ही जुनीच रीत. आबांनी तिला फाटा फोडला. मांजरांच्या औषधपाण्याला जो देईल त्याचं नाव तर घेतलं जाईच, वर त्याच्या आजोबांचं आणि बैलांचंही. आपली बिदागीही ते तिकडेच घालतात.

पण बैलगाडा आणि मांजर यांचं जमायचं कसं? गाडामालक म्हणजे घरून निघताना मांजर आडवं गेलं तर चप्पल काढून परत घरात जाऊन बसणारी माणसं. त्यातून गेल्या खेपेला ज्या गावात आमचं काम होतं, तिथल्या यात्रा कमिटीचे अध्यक्ष स्वतःच मोठे गाडामालक, आणि मांजर या विषयावर त्यांचं डोकं लगेच तापायचं. बारी सुरू व्हायच्या आधीच ते मचाणाखाली आले. "आबा, तुमचा मान हाय," ते म्हणाले, "पर आज माईकवरनं मांजराचं नाव निघालं, तर बिदागी न्हाई आन् माईकबी दुसऱ्याच्या हातात जाईल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तू रे, मशीनवाल्या. मांजर म्हनले की बटन बंद. न्हाईतर तुज्या शेठला पुढच्या सालचं काम न्हाई."

मी सरकून मशीनच्या आणखी आड बसलो. कारण त्याच वेळी माझ्या मशीनच्या मागे टोपलीत उर्सेकरीण होती. उर्से टोलनाक्याजवळ कुठल्या तरी गाडीने तिला उडवलं होतं आणि मागचा एक पाय मोडला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी लोणावळ्याला ऑपरेशन ठरलेलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, पायात सळी घालावी लागेल, उशीर झाला तर पाय कापावा लागेल. काकू माहेरी गेल्या होत्या म्हणून आबांनी टोपली सोबत आणली होती. त्या ऑपरेशनचा खर्च म्हणजे आजची बिदागी आणि आज माईकवरून जमेल ते. आबांनी अध्यक्षांकडे पाहिलं, टोपलीकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरं. बिदागी तरी घिऊन जाऊ."

दुपारपर्यंत आबांनी मांजर हा शब्द काढला नाही. मी दर बारीला टोपलीचं झाकण चाचपत होतो. मग अध्यक्षांची बारी लागली. बैलं जुंपली, त्यांच्यापुढे पळणारी घोडी उभी राहिली, सगळा घाट श्वास रोखून बसला, आणि मी झाकणाला हात लावला तर टोपली रिकामी. मान वर केली. उर्सेकरीण घाटात उतरली होती. अध्यक्षांच्या बैलांसमोरून, तीन पायांवर, मोडका पाय उचलून धरत ती आडवी चालली होती. धड मांजर असतं तर पळून तरी गेलं असतं. हिला कुठली घाई? मधोमध थांबली, खाली बसली आणि पंजा चाटायला लागली.

अध्यक्षांचा चेहरा काळाठिक्कर पडला आणि ते जुंपलेले बैल परत सोडवायला पुढे निघाले. तेवढ्यात आबांनी माईक तोंडाजवळ नेला. माझा हात बटणावर होता. खरं सांगतो, आवाज कमी करायचाच माझा विचार होता, पण बटण उलटंच फिरलं आणि तो वाढला. मग मी हात काढून घेतला.

"मंडळी," आबा म्हणाले, आणि तो आवाज डोंगराला लागून परत आला, "घाटात नवी बारी उतरलीय. ना बैल, ना घोडी, ना गाडा. उर्सेकरीण, मुक्काम टोलनाका. मोटारीनं उडवलं तरी गाव सोडलं न्हाई. उद्या पायाचं आपरेशन हाय आन् आज घाट मारतीय. ज्याला चार पाय हायती त्यानं बघून घ्यावं." घाटाच्या टोकाला कुणीतरी हसलं. "अध्यक्षसाहेब, घाबरू नगा. मांजर आडवं गेल्यालं न्हाई. तुमच्या जोडीला रस्ता साफ हाय का न्हाई, ते बघाया आलंय. वाटंत खडा हाय का बघतीय. आता उटली. आता चालली. हळू हाय, पर मागं वळून बघत न्हाई. आली, आली, कडंला आली... झाली!"

सगळा घाट उसळला. टोप्या उडाल्या, शिट्ट्या वाजल्या. एका म्हातारीने पुढे होऊन उर्सेकरणीला पदरात उचललं. अध्यक्ष तसेच उभे, पुढे जावं की मागे हे त्यांना कळेना, आणि तेवढ्यात झेंडा पडला. एवढ्या गलक्याने बिथरली म्हणा, नाहीतर खरंच वाट साफ होती म्हणा, त्यांची जोडी अशी सुटली की त्या दिवशी तिच्या वेळेच्या जवळपासही कुणी आलं नाही. घाटाचा राजा ठरले अध्यक्ष.

गुलालाने माखून ते मचाणावर चढले. मी मनातल्या मनात शेठला काय सांगायचं ते जुळवत होतो. अध्यक्षांनी आबांच्या हातातून माईक घेतला, खाकरले, तो परत दिला आणि कानाशी लागून विचारलं, "ते... मांजराचं डॉक्टर कुटं असत्यात?" माईक चालूच होता. सगळ्या घाटाने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोणावळ्याच्या दवाखान्यात स्वेटरवाल्या कुत्र्यांच्या रांगेत फेटे बांधलेले गाडामालक बसले होते. ऑपरेशनचा खर्च अध्यक्षांनी केला. बाकीचे आले होते ते वेगळ्याच कामाला. "आबा," त्यांच्यातला एक दबकत म्हणाला, "आमच्या बारीला बी तिला सोडा की आडवी." आबा कडाडले, "मांजर हाय ती, झेंडा न्हाई. शकुन पायजेल तर हितं कौंटरवर द्या." आणि त्यांनी खरंच दिलं. देहूरोडकराची खरूज, बेगडेवाडीकरबाईंचं ऑपरेशन, अजून नाव न ठेवलेल्या दोन पिल्लांच्या लशी, सगळं त्या फेट्यांनी भरलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एवढा गुलाल त्यांना फरशीवरून कधी पुसावा लागला नव्हता.

उर्सेकरीण पुन्हा चार पायांवर आली आणि अध्यक्षांनी तिला आपल्या गोठ्यात नेलं. दिवाळीनंतर मी आणि आबा तिला भेटायला गेलो. ती बैलाच्या पाठीवर ऊन खात पडली होती, अंगाने भरलेली, केस चकाकणारे. आबा खाली बसले आणि त्यांनी बोंबील पुढे केला. ती उतरली, हात हुंगला, बोंबील घेतला आणि एकदाही वर न बघता बैलाच्या मागे निघून गेली.

"विसरली," आबा म्हणाले. मग हात धोतराला पुसत म्हणाले, "म्हंजी बरी झाली. दुकतंय तवर मांजर हात वळकतं."

आम्ही गाडीत येऊन बसलो. मी चावी फिरवली. आबांनी दार पुन्हा उघडलं. "थांब जरा, हिंगोली. तिच्या भांड्यात पानी हाय का बघून येतो."

भांडं काठोकाठ भरलेलं होतं, आम्ही दोघांनीही पाहिलं होतं. मी गाडी बंद केली.